तळ्याकाठी माझ्या पोरीला हाक कुणी मारली?

हसायचं असेल त्यांनी आधीच हसून घ्या. मी पण हसायचे. निपाणीला आमच्या गल्लीत कुणाच्या अंगात आलं की तोंडाला पदर लावून हसणारी मीच... भूत-बित कधी मानलं नाही. आठवीपर्यंत शिकले, लिहिताना चुकेल, पण खोटं एक अक्षर नाही — पोरीची शपथ.

आम्ही बेंगळूरला हेब्बाळच्या बाजूला राहतो. हे टेम्पो चालवतात. दीर आमच्यातच असतात, ऑफिसात कामाला. रविवारी कॅमेरा घेऊन पक्ष्यांचे फोटो काढत फिरतात. त्यांनी नवीन कॅमेरा घेतला, जुना मला दिला. मला इथं बोलायला माणूस नाही, खाली उतरलं की सगळं कन्नड... मग नाद लागला. पिंकीला, माझ्या तीन वर्षांच्या पोरीला, घेऊनच घराजवळच्या तळ्यावर जायचे. घरमालकीण अक्का जिन्यात कन्नड-मराठी मिसळून टोचायचीच, "पोरीला नाश्ता नाही, आणि ही चालली बगळ्याला बघायला!"

त्या रविवारी मला भारद्वाज पाहिजे होता. दिसला की चांगलं होतं म्हणतात, फोटो माझ्या आईला पाठवायचा होता. पण तो झुडपातनं बाहेरच येईना. दीर म्हणाले, "वहिनी, बोलवूया की त्याला." छोटा स्पीकर लव्हाळ्यात ठेवला आणि मोबाईलवरनं भारद्वाजाचाच आवाज लावला... ऊप ऊप ऊप, थांबून परत ऊप ऊप. त्याला वाटतं दुसरा कोण घुसला माझ्या जागेत, मग तो भांडायला येतो.

आला पण! तांबडे पंख, लाल डोळे. मी पालथी पडून झूम करत होते. दिरांनी स्पीकर काढून बॅगेत टाकला. पिंकी माझ्या मागं चटईवर बिस्कीट खात होती.

तेवढ्यात लव्हाळ्यातनं हाक आली. "पिंके... ये गं बाळा, ये आईकडं."

माझा आवाज. आईला पाठवलेले व्हॉईस मेसेज मी परत परत ऐकते, मला माहीत आहे माझा आवाज बाहेरनं कसा येतो, जरा चिरका. तोच.

"भावजी, गंमत पुरे!"

"कसली गंमत? तुम्हीच बोलवलं की तिला." ते बॅगेची चेन लावत होते.

परत आली हाक. तसंच, तेवढंच, थांबून परत...

मागं बघितलं तर चटई रिकामी. पिंकी बाजूनं कधी गेली कळलंच नाही. गुडघाभर पाण्यात! हसत, दोन्ही हात पुढं करून — मी उचलून घ्यावं म्हणून माझ्याकडं येते ना, तशी. आणि तिथला गाळ माणसाला सोडत नाही. मी धावले, "पिंके थांब!" म्हणून ओरडले. ती वळली, मला बघितलं आणि किंचाळली. मला घाबरली हो ती... मला! "तू नको! आई तिकडं!" मी धरली तर हाताला चावली. तशीच ओढत काठावर आणली.

आणि मागनं, अगदी जवळनं, माझ्याच आवाजात — "सोड गं माझ्या पोरीला."

लव्हाळं हललं पण नाही.

दीर पांढरे पडले होते. घरी येऊन म्हणतात, "साळुंकी असेल वहिनी, ती नक्कल करते." बरं, हाक मी तिथं रोज मारायचे, साळुंकी शिकली धरा. पण 'सोड' असं मी कधी म्हटलं होतं? आमचे हे तर माझ्यावरच चढले, "कॅमेरा पाहिजे होता ना महाराणीला! पोरगी गेली असती म्हणजे?" अक्कानं मीठ-मिरची ओवाळली, "स्वल्प दिवस जाऊ दे, सगळं सरी होतंय, नीट होतंय" म्हणाली.

झालं नाही सरी. कॅमेरा परत दिला, तळ्याकडची खिडकी उघडत नाही. मला अजून काही उमगलेलं नाही, कुणाला माहीत असेल तर सांगा, फक्त शहाणपणा शिकवू नका.

पिंकी खाते, खेळते, माझ्याच कुशीत झोपते. पण स्वयंपाकघरातनं हाक मारली की येत नाही. दारात उभी राहते, वाकून माझ्या तोंडाकडं बघते, "परत म्हण," म्हणते. मी परत म्हणते. ओठ हलताना नीट बघून घेते, मग येते.

कधीकधी बघूनसुद्धा येत नाही.