एक काळी गोटी

जॉर्जियातल्या मेकन शहरात भगिनीमंडळासाठी व्हर्निटा गॅड्सडेन एकतीस वर्षं राबली. आठवडाभर शाळेत रसायनशास्त्र शिकवायचं आणि शनिवारी मंडळाच्या शिष्यवृत्त्यांसाठी मासे तळून विकायचे. हे मंडळ कॉलेजात असतानाच धरायचं आणि जन्मभर निभवायचं; त्यात शिरायलाच तिला दोन खेपा लागल्या होत्या. पहिला अर्ज परत आला. दुसऱ्या वर्षी संस्थापक बायांची सगळी नावं घडाघडा म्हणून दाखवली तेव्हा कुठं घेतलं.

तेव्हा तिच्या खोलीत राहणारी ओडेसा प्रुइट हसायची. "सगळ्यांनी एका रंगाचे झगे घालून मिरवायचं. कसलं गं हे वेड?"

तीच ओडेसा आता न्यायाधीश, टीव्हीवर झळकणारी. आणि अध्यक्षीण लव्होनिया म्हणत होती, "आपण होऊन तिच्याकडे जाऊ, मानद सभासद करून घेऊ. असं मोठं नाव असलं की देणगीदार दार शोधत येतात."

व्हर्निटाच्या पोटात दुखायला लागलं ते तिथूनच.

मतदानाची रीत जुनी. झाकलेल्या पेटीत हात घालून पांढरी नाहीतर काळी गोटी टाकायची. काळी निघाली तर टाकणारीनं उभं राहून कारण सांगायचं, मग पेटी पुन्हा फिरायची. दुसऱ्यांदाही काळी निघाली, की ते नाव कायमचं गेलं.

तेवीस गोट्यांत एक काळी निघाली.

व्हर्निटा उठली. "घाम गाळल्याशिवाय मान मिळू नये, असं माझं तत्त्व—"

"तत्त्व राहू दे घरी," ऐंशीच्या इडेला मावशी म्हणाल्या. "पोटातलं बोल."

"जळते मी तिच्यावर, मावशी. मी दोनदा दार वाजवलं. हिच्या दारात मात्र आपण गुलाब घेऊन जायचं. माझ्या केसांतला तळणाचा वास जात नाही, आणि फोटो हिचा लागणार."

"मग नकोच म्हणतेस?" लव्होनियानं विचारलं.

"पोरींना शिष्यवृत्त्या लागतात, ते कळतं मला."

"कळतं, तरी काळी टाकलीस?"

"कळल्यानं जळणं थांबतं होय गं?"

पेटी पुन्हा फिरली. व्हर्निटाचा हात आत बराच वेळ राहिला. शेजारणीनं घसा खाकरला, तेव्हा बाहेर आला.

झाकण उघडलं. तेवीसच्या तेवीस पांढऱ्या. टाळ्यांचा कडकडाट झाला. व्हर्निटाचे हात मांडीवरच.

"वाजव की," मावशी कुजबुजल्या.

"गोटी दिली ना, मावशी. टाळी नाही देणार."