कोऱ्या जीपचा रंग

मुलांनो, तुमच्या आजोबांची जुनी जीप मूळ होती तशी करायला जुन्या जालन्यातून एक पेंटर महिनाभर आमच्या अंगणात येत होता. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. आधी अंगठ्याने पत्रा चोळायचा, मगच बोलायचा.

"हिरवीच होती," आजोबांनी त्याला बजावलं. "वडिलांनी कोरी घेतली तेव्हापासून."

पेंटरने डॅशबोर्डमागचा पत्रा घासून दाखवला. हिरव्याखाली कंपनीचा मूळ राखाडी रंग निघाला; हिरवा नंतर कोणीतरी मारलेला. म्हणजे तुमच्या पणजोबांनी जीप कोणाची तरी वापरलेली घेतली होती. आजोबांचा चेहरा उतरला.

"तरी हिरवाच मारा," ते म्हणाले.

"साहेब, गाडी तुमची हाय, पन रंग कंपनीचा. हिरवा पायजे तर दुसरा पेंटर बघा."

सामान बांधून तो गेला. तिसऱ्या दिवशी आजोबांनीच त्याला परत बोलावलं.

राखाडी जीप उन्हात वाळत असताना शेजारच्या वकिलांनी विचारलं, "काय हो, ही कोरी घेतली होती का?"

आजोबा रंगाचे रिकामे डबे गोळा करायला लागले.

"बिलकुल कोरी," पेंटर हात पुसत म्हणाला. "पत्रा बोलतो ना, वकीलसाहेब."

रंगाच्या बाबतीत जराही न हटलेला तो माणूस हे सांगताना आजोबांकडे बघतसुद्धा नव्हता.