कानबाईचे डोळे बसवताना

माझ्या हातून कानबाईचा एक डोळा खाली बसला, तेव्हा मला पहिल्यांदा खरी भीती वाटली. नातवंडांनो, तुम्ही दूर वाढलात, म्हणून आधी थोडं सांगते. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी आपल्या खानदेशात घरोघरी कानबाई मांडतात. घरात वर्षानुवर्षं जपलेला नारळ चौरंगावर ठेवायचा आणि त्याला डोळे, नथ, कुंकू लावून देवीचं रूप द्यायचं. जळगावच्या आपल्या घरी चांदीचे डोळे मेणानं बसवायचा मान थोरल्या सुनेचा, म्हणजे माझा. त्या वर्षी मी ते बोटांच्या अंदाजानं टेकवले आणि मागे सरकले. भाऊबंद जमलेले होते. माझी धाकटी जाऊ तिच्या अहिराणीत हळूच म्हणाली, "अक्का, मायना एक डोया खाले शे." मी वाकून पाहिलं. नारळाच्या जागी मला नुसता तपकिरी ढग दिसला. बसवलेले डोळे सोमवारच्या विसर्जनापर्यंत, म्हणजे नारळ नदीत बुडवून परत घरी आणेपर्यंत, हलवायचे नाहीत, अशी आपल्या घरची रीत. जावेनं हसून सावरलं, "ऱ्हाऊ द्या, माय आज तिरपं पाही राहिनी." सगळे हसले. देवी सोमवारपर्यंत तशीच बसून राहिली आणि मला तिच्यासमोर उभं राहवेना.

माझा डावा डोळा लहानपणी देवींच्या साथीत गेला. शाळेत इंग्रजी शिकवलं, संसार केला, तो सगळा उजव्या डोळ्यावर. त्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं आणि काही काळ छान दिसलंही होतं. मग हळूहळू धुकं दाटत गेलं. त्याच सुमारास तुमच्यातल्या थोरल्याचा पहिला फोटो परदेशातून आला. मी कौतुकानं म्हटलं, "केस किती दाट आहेत बाळाचे." तुमचे आबा म्हणाले, "अगं, टोपी आहे ती." तेव्हा मीही हसले. पण नंतर फोटो खिडकीशी नेऊन कितीही न्याहाळला, तरी त्यात मला नाक, डोळे काही सापडले नाहीत.

डॉक्टरांनी तपासून सांगितलं की बसवलेल्या भिंगामागचा पडदा गढूळ झाला आहे. लेसरनं त्याला मधोमध छोटी वाट करायची, म्हणजे पुन्हा दिसेल. ते यंत्र धुळ्याला होतं. "सहसा काही होत नाही," ते म्हणाले, "पण तुमचा डोळा एकच आहे. घरी बोलून ठरवा." मला कुठलीही गोष्ट नीट समजून घेऊन, आखून करायची सवय. मी त्यांना प्रश्नांमागून प्रश्न विचारले, धोक्यांची इंग्रजी नावं पाठ केली आणि त्या नावांनीच मला झोप लागेनाशी झाली. देवाचं मी रोज करत होते, पण शाळेतली हजेरी घ्यावी तसं. संकटात त्याच्यावर काही सोपवावं, हे मला जमत नव्हतं.

धुळ्याला आम्ही दोघं एसटीनं गेलो. डोळ्यात थेंब घालून मला यंत्रापुढे बसवलं. हनुवटी खाली टेकवायची, कपाळ पट्ट्याला लावायचं, समोरच्या लाल ठिपक्याकडे पाहायचं आणि हलायचं नाही. एवढंच करायचं होतं, पण माझी मान थरथरू लागली. डॉक्टर थांबले, पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा थांबले. म्हणाले, "बाई, अशा हललात तर मला करता येणार नाही. आज परत जा, पुढे बघू." आबांनी डोकं धरावं, तर त्यांना कंपवात, त्यांचे हात माझ्या मानेहून जास्त कापायचे. मला कळून चुकलं की आज परत गेले तर मी पुन्हा येणार नाही.

मागच्या बाकावर कुणी बाई आपल्या सासूला घेऊन नंबराची वाट पाहत बसली होती. ती उठून माझ्या पाठीशी आली. "माय, डोकं मन्हा हातमा दे," ती म्हणाली. "मी घट्ट धरस. तू काहीच करू नको." डॉक्टर म्हणाले, "धरा, मावशी." दोन खरखरीत तळवे माझ्या डोक्याला मागून लागले. त्यांना लसणाचा वास होता. काहीच करू नको, असं मला आयुष्यात कुणी सांगितलं नव्हतं. मी डोक्याचा सगळा भार त्या हातांत सोडला आणि मान थांबली. बारीक टक-टक आवाज झाले, लखलखलं, आणि संपलं.

थेंबांमुळे मला सगळं अंधुकच होतं, म्हणून तासभर आतच बसवून ठेवलं. आबांनी बाहेर येऊन तिला शोधलं. तोवर सासूची तपासणी उरकून ती सोनगीरच्या गाडीला गेली होती, असं कळलं. नाव विचारायचं राहूनच गेलं. तिला कुणी पाठवलं, याचा खल मी करत नाही. ती उठली, एवढं मला पुरेसं आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी घरी तो फोटो हातात घेतला. टोपी लोकरीची होती, तिची गाठ कानाखाली बांधलेली होती, आणि नाक सरळ आबांचं होतं. मी देव्हाऱ्यापुढे जाऊन बसले. मागण्यासारखं काही आठवलं नाही.

पुढच्या श्रावणात जावेनं मेण मऊ करून चांदीचे डोळे माझ्यापुढे धरले. मी ते तिच्याच तळहातावर ठेवले. ती गोंधळली. "अक्का, आते तर तुम्हाले दिसस ना?"

"दिसतं. तू बसव."

चौरंगावर नारळ डगमगत होता. मी मागे बसून तो दोन्ही तळव्यांत घट्ट धरला. तेव्हापासून आपल्या घरी डोळे जाऊ बसवते आणि मी मागून धरते. धुळ्याच्या त्या बाईचा चेहरा मी कधीच पाहिला नाही. दरवर्षी डोळे बसले की मी उठून पुढे येते आणि कानबाईकडे नीट बघते.