बाबेलहून कोण परतलं

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगतोय, तरी मधेच थांबेन की काय अशी धास्ती आहे.

आठवीत शाळा सोडून मी लातूरकडून धारवाडला आलो. सप्तापुरातल्या एका बायबल वर्गात झाडलोट करायचो. तिथल्या म्हाताऱ्या गुरुजींनी, आमच्या अप्पांनी, मला समोर बसवून एकेक शब्द शिकवला. नियमशास्त्र म्हणजे पहिली पाच पुस्तकं. संदेष्टा म्हणजे नुसतं भविष्य सांगणारा नव्हे, देवाच्या वतीनं राजालाही सुनावणारा. बंदिवास म्हणजे यरुशलेम पडल्यावर लोकांना धरून बाबेलला, म्हणजे बॅबिलोनला, नेलं, तो काळ. परक्या गावात इतका जीव कोण लावतं? म्हणूनच तर —

अप्पा आजारी पडले, तेव्हा अळणावरजवळच्या एका गावातला बायकांचा मराठी बायबल वर्ग त्यांनी माझ्यावर सोपवला. बंदिवास समजावत होतो. मागून शांताक्कानं विचारलं, "नेलेली सगळी परत आली काय हो, सर?"

तिचा मुलगा दुबईला गेलेला. कित्येक वर्षं फोन नाही. गावाला ठाऊक होतं, मलाही.

आणि उत्तर? तेही ठाऊक होतं. अप्पांनी बजावलं होतं — परतले ते थोडे. पुष्कळांनी तिकडंच घरं बांधली, मुलंबाळं वाढवली, तिथलेच झाले.

मी म्हणालो, "सगळे आले, अक्का. एकूण एक."

दया आली म्हणून? तसं म्हणता आलं असतं तर बरं होतं. पण जन्मात पहिल्यांदा कुणी मला सर म्हणत होतं, आणि सगळ्या बायकांचे चेहरे उजळलेले मला बघायचे होते.

शांताक्का लेकीकडं नवनगरला राहायला जाणार होती. गेलीच नाही. "पोरगा आला नि दाराला कुलूप दिसलं तर?" लेक माझ्याकडं आली. "तुम्हीच सांगा की तिला, सर. माझं कुठं ऐकती ती!" सांगतो म्हणालो. पुढच्या वर्गाला अक्कानं चहा दिला — प्यायलो, सांगितलं नाही. खोटं अप्पांच्या कानावर गेलं तर? एवढीच भीती. प्रत्येक वेळी.

त्या थंडीत ती न्हाणीत पडली. शेजारणीनं दार ढकललं तेव्हा सगळं संपलं होतं.

मातीला अप्पाही आले होते. लेक त्यांना रडत म्हणाली, "सरांच्या शब्दावर आई शेवटपर्यंत खुशीत होती."

अप्पांनी माझ्या पाठीवर हात ठेवला — कौतुकानं. मी तो राहू दिला.