आईची बोली

अन्याय माझ्या आईवर झाला, मी पहिलीत गेले त्या जूनमध्ये, इंग्रजी शाळेच्या ऑफिसात. मॅडम म्हणाल्या, "घरी असं गावठी बोललात तर मुलीला इंग्रजी कसं येणार?"

आज भाचीच्या प्रवेशअर्जात 'घरची भाषा' हा रकाना दिसला आणि आमच्या गावी, कोळवणला परतणारी ती जीप आठवली. मॅडमना द्यायला नेलेले घरचे तांदूळ आईच्या मांडीवर तसेच होते. त्यांचा वास येत होता. एरवी वाटेतलं खाचर न् खाचर दाखवत बोलणारी आई गप्प होती.

"आये, बोल की."

"नगं. माज्या बोलण्याचं वळण तुला लागंल."

पुढे ती माझ्याशी कामापुरतंच बोलली. मला इंग्रजी आलं. तिच्या गप्पांना मात्र मी अजून आसुसलेय.

तुम्ही मुलांचा अर्ज भराल तेव्हा त्या रकान्यात आईची बोली लिहा. कुणी सांगितलं तरी खोडू नका.