बसायला दोघं, खाली झोपायला प्रमोद

कापसाचा हंगाम संपून महिने झाले तरी जिनिंगच्या कोपऱ्याकापऱ्यात सरकी सापडत राहते. आमच्या अड्ड्यावरच्या किश्श्यांचं तसंच आहे. कोणी मुद्दाम जमवत नाही, पण झाडायला गेलं की निघतात. त्यातले निम्मे एकट्या प्रमोदचे. दिग्रसला त्याची जिनिंग आहे, मागे रिकामं गोदाम आहे आणि डोकंही बऱ्यापैकी रिकामं आहे. मी हार्डवेअरवाला. संध्याकाळी गोदामात खुर्ची टाकून बसतो आणि याचे उद्योग बघतो.

तर या प्रमोदने नागपूरहून सेकंडहँड स्पोर्ट्स कार आणली. लाल, दोन सीटची, बूड जमिनीला टेकलेलं. आमच्याकडे ज्याच्या घरापुढून रस्ता जातो तो आपला एक स्पीडब्रेकर घालून घेतो, आणि हा ही गाडी आणतो! बायकोला, म्हणजे रेखावहिनींना म्हणाला, "फक्त आपण दोघं. आई नाई, पोरं नाई. वणीले जाऊ तुह्या माहेरी."

पहिल्याच फेरीत जेवढे ब्रेकर आले तेवढ्या वेळा वहिनींचं डोकं टपाला लागलं. दारव्ह्याला त्या उतरल्या आणि एसटीने परत आल्या. घरी आल्यावर शांतपणे म्हणाल्या, "एसटीत मले झोप लागते. तुमच्या गाडीत जीव मुठीत धरून बसा लागते. भावाच्या वास्तुशांतीले वणीले जाचं हाये ना? त्या दिवशी या गाडीत माहा डोळा लागला तर ठेवा. नाई तर इकून टाका."

गाडी विकायची म्हटल्यावर प्रमोदचं तोंड उतरलं. पण बायको अर्ध्या वाटेत उतरून गेली, ते त्याला जास्त लागलं होतं. एवढं त्याच्या बाजूने सांगून ठेवतो, कारण पुढे त्याच्या बाजूने सांगण्यासारखं काही नाही.

* * *

दणके बसू नयेत म्हणून गाडीचं सस्पेन्शन बदलायचं ठरलं. यवतमाळच्या एका मेकॅनिकने वाकून खाली पाहिलं आणि म्हणाला, "भाऊ, ट्रॅक्टर असन तर आणा."

प्रमोद पेटला. "मीच करतो सस्पेन्शन. मोबाइलवर सगळं शिकवतात."

मोबाइलमधला गोरा माणूस पांढऱ्या फरशीवर, काळे हातमोजे घालून काम करायचा. आमचा गडी बनियनवर सरकीत लोळत होता. पहिल्या बोल्टलाच दुपार गेली. पान्याला पाइप लावून जोर केला, शिव्या घातल्या, आणि शेवटी कडकन आवाज आला.

"निघाला," तो खालून ओरडला.

"तुटला," मी खुर्चीवरून म्हणालो. उताणा पडल्यावर डावं-उजवं उलटं झालं होतं, आणि हे महाशय इतका वेळ तो बोल्ट ढिला करण्याऐवजी आवळत होते.

बाहेर येऊन माझ्यावरच डाफरला. "तुह्या दुकानातला पानाच उलटा हाये बे."

* * *

एकटा कमी होता म्हणून मदतीला सुधाकर आला. सुधाकर ढोरांचा डॉक्टर. गाडीत कुठून तरी खडखड आवाज येत होता, तो शोधायला त्याने स्टेथोस्कोप आणला. प्रमोद बंपरवर बसून गाडी हलवायचा आणि हा खाली झोपून ऐकायचा.

"पुढचा उजवा पाय," सुधाकर गंभीरपणे म्हणाला. "लचकला."

पुढचा उजवा पाय खोलला, पुसला, बसवला. खडखड तशीच. मग मागचा खोलला. असे चारही पाय झाले. शेवटी वहिनी गोदामात आल्या, सरळ डिकी उघडली आणि आतून स्टीलचा डबा काढला. दारव्ह्याच्या फेरीला त्यांनी पोळी-ठेचा बांधून घेतला होता, तेव्हापासून तो तिथेच गडगडत होता.

डबा उघडायची हिंमत कोणी केली नाही. सुधाकर म्हणाला, "जनावर असतं तर मले सांगता आलं असतं."

* * *

स्प्रिंग बदलायची तर आधी ती दाबून धरावी लागते. त्याचं वेगळं हत्यार मिळतं. मी म्हटलं, मागवून देतो. तर प्रमोद हसला. "जिनिंगवाल्याले दाबाचं शिकवून राह्यला काय? अख्खी रुई दाबतो मी."

त्याने स्प्रिंग दाबली आणि रुईच्या गाठीला बांधतात ती पट्टी तिला बांधली. रुई दाबली की दबून राहते. स्प्रिंगचा स्वभाव तसा नाही, हे सांगायला मी तोंड उघडलं आणि तेवढ्यात पट्टी तुटली. आम्ही तिघेही जमिनीवर आडवे झालो. स्प्रिंग टिनाचं छत फाडून बाहेर गेली.

कोणाला लागलं नाही, हे नशीब. दुसऱ्या दिवशी त्याने मुकाट्याने हत्यार मागवलं. पण छताला पडलेल्या भोकाबद्दल आजही कोणी विचारलं तर सांगतो, "उजेडासाठी केलं."

* * *

चाकाचा दांडा गाडीला जिथे जोडतात तिथे रबरी बुश असतात. ते बोल्ट गाडी चाकांवर उभी करून, तिच्यावर वजन असताना आवळायचे असतात. याने गाडी हवेत टांगून आवळले. गाडी खाली घेतली तसे बुश पिळले गेले आणि आठवडाभरात फाटले. मोबाइलमधल्या गोऱ्याने ते सांगितलं होतं. पण तो भाग याने न बघताच पुढे पळवला होता, कारण गोरा त्यात नुसता बोलत होता म्हणे.

म्हणून दुसऱ्यांदा सगळं नीट. दोन्ही सीटवर वजन ठेवायचं ठरलं. याने घरात जाऊन बायकोला विचारलं, "तुहं वजन किती हाये?" त्या दिवशी तो माझ्याकडे जेवला.

मग अंदाजाने बायकोच्या सीटवर सरकीचं पोतं ठेवलं. नेमक्या वहिनी चहा घेऊन आल्या.

"माह्या जागी हे ठेवलं काय?"

"हो," प्रमोद म्हणाला.

"माह्यापेक्षा जड हाये का हलकं?"

सुधाकरला लगेच कुठल्या तरी गावात अडलेली म्हैस आठवली. मी त्याच्या मोटारसायकलवर मागे बसलो. प्रमोदने काय उत्तर दिलं ते आम्हाला आजतागायत माहीत नाही.

* * *

वास्तुशांतीच्या दिवशी मी आणि सुधाकर माझ्या जीपने पुढे वणीला गेलो. जीपमध्ये ओढायचा दोर घेतला होता. रस्त्यातून फोन येणार याची मला खात्री होती. फोन आला नाही.

दुपारी वहिनींचा भाऊ जावयाची वाट बघत फाटकात उभा होता, त्याची बायको ओवाळायचं ताट घेऊन. आम्हीही मजा बघायला उभे राहिलो. लाल गाडी वळणावर दिसली. घरापुढच्या ब्रेकरवर हळूच चढली, हळूच उतरली. खडखड नाही, धाडकन नाही. फाटकासमोर आली आणि न थांबता सरळ पुढे, कोळशाच्या ट्रकांच्या रस्त्याला निघून गेली.

ताटातला दिवा वाऱ्याने विझला. भावाचा चेहरा पडला. "दादा, जावाई रुसले काय? आमचं काही चुकलं काय?"

मी चिडून फोन लावला. "अबे, घर मागं राहिलं. आंधळा झाला काय?"

पलीकडून प्रमोद कुजबुजला.

"हळू बोल बे. ते झोपली हाये."