आमच्या कोऱ्या गल्लीचा नकाशा

निवृत्तीआधी काही वर्षं मी आरोग्यखात्याच्या एका कचेरीत अॅम्ब्युलन्सचे कॉल नकाशावर मांडायचे. धाप लागल्याचा फोन जिथून आला, तिथे लाल ठिपका. ठिपके दाटले की वरून माणसं जाणार, कारण शोधणार, बंदोबस्त करणार, अशी माझी समजूत. केसांना मेंदी, गळ्यात ओळखपत्र आणि डोक्यात हे खूळ! ओळखपत्र तर मी भाजी आणतानाही काढत नसे.

बिबवेवाडीत आमच्या गल्लीमागे मोकळ्या प्लॉटवर रोज कचरा जळतो. अर्धी गल्ली खोकते, त्यात आमचे हे आघाडीवर. नकाशावर मात्र आमची गल्ली कोरी. साहेब म्हणाले, "बाई, तुमच्याकडची हवा छान दिसते हो."

आमच्याकडे अॅम्ब्युलन्स कोणी बोलावतच नाही, त्याला साहेब काय करणार? ती गाडी दारात लागली की माणूस गेलाच, असं धरून शेजारीण पिठलंभात टाकते. म्हणून सगळे रिक्षाने जातात. रिक्षाचा ठिपका पडत नाही.

मग या शहाणीने ठरवलं, सुरुवात आपल्या घरापासून. नवऱ्याला धाप लागायची वाट बघणारी बाई पुण्यात तेव्हा मी एकटीच असेन.

लागली. मी फोन केला. हे पायरीवर बसून म्हणाले, "अगं... रिक्षा... बोलाव."

"अहो, गाडी निघालीय. आपला ठिपका पडेल."

"ठिपका... तुला घे. मला... श्वास दे."

गाडी चौकात अडकलेली, रिक्षा कोपऱ्यावर उभी. गेलो रिक्षाने. दारात पेशंट नाही म्हणून कॉल रद्द झाला आणि रद्द कॉल नकाशावर धरत नाहीत. संध्याकाळी परतलो, तर शेजारीण पातेलं घेऊन दारात. "मागाहून गाडी येऊन गेली ना, मला वाटलं..." पिठलंभात यांनीच खाल्ला. वर म्हणाले, मीठ कमी आहे.

आता हे जिना उतरत नाहीत. नाकात नळी, शेजारी घरघरणारं यंत्र. खिडक्या बंद, तरी धूर आत येतोच. परवा नातीने मोबाइलवर आमच्या कचेरीचा नवा नकाशा दाखवला. सुरेख रंग. आमची गल्ली अजून कोरी.

यांनी चष्मा लावून बराच वेळ पाहिला. "तेव्हा ठिपका पडला असता, तर धूर थांबला असता का गं?"

ओळखपत्रवालीने ताडकन हो म्हटलं असतं. मी उठून खिडकीच्या फटीत ओला टॉवेल खुपसला.